पाच अक्षांच्या मशीनवर जॉब टॅबवर लटकवता का? टॅब किती जाड ठेवता?

गाळानंबर१७ · सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. वसई पूर्वेला माझा छोटा गाळा आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) आहेत आणि गेल्या दिवाळीला एक सेकंडहँड पाच अक्षांचं मशीन घेतलं, ट्रनियन टेबलवालं, म्हणजे टेबलच कलतं आणि फिरतं. मशीन आलं तेव्हा शेजारच्या गाळ्यांत पेढे वाटले. आता ते पेढे परत मागावेत अशी वेळ आली आहे.

जॉब असा: ड्रोनच्या कॅमेऱ्याचा गिंबल असतो, त्याचा हात. ६०६१-टी६ ॲल्युमिनियम, चंद्रकोरीसारखा वाकडा, दोन्ही टोकांना बेअरिंगचं १९ मिमी एच७ बोअर, म्हणजे अगदी नेमक्या मापाचं गोल भोक. दोन बोअरच्या केंद्रांमधलं अंतर ९६, अधिक-उणे ०.०३. एकूण ४० नग. सपाट म्हणावी अशी जागा जॉबवर एकही नाही, त्यामुळे उलटवून धरायचं कुठे हा प्रश्नच आहे. म्हणून जॉबपेक्षा बराच मोठा ब्लॉक घेतो, दोन टोकांना वाइसमध्ये (शिकंजात) धरतो, मधे जॉबच्या चहूबाजूंनी खिडकी पाडतो आणि जॉब चार टॅबवर, म्हणजे न कापता ठेवलेल्या छोट्या पुलांवर, लटकता ठेवतो. दोन टॅब या टोकाला, दोन त्या टोकाला. टॅब २ मिमी जाड, ६ रुंद, १२ लांब. शेवटी करवतीने कापून कानस.

दुखणी दोन. एक, कोरीच्या मधल्या बारीक भागात चॅटर, म्हणजे कापताना थरथर. फिनिश असं येतं की त्यावर नारळ खवता येईल. दोन, मशीनवर प्रोबने (स्पर्शाने माप घेणाऱ्या काडीने) मोजलं की ९६.०० आणि टॅब कापून टेबलावर ठेवलं की ९६.०७. प्रत्येक वेळी नाही, पण बहुतेक वेळा.

टॅब जाड करू का? किती? की हा प्रकारच सोडून देऊ?

चौथीसीट · सोमवार, रात्री ११:०८

८:१२ च्या विरार फास्टला चार जण एका दांडीला लटकतात तसं झालंय हे. चॅटर येणारच. बाकी जाणकार सांगतील, मी खुर्ची ओढून बसलोय.

कटरतुटला · सोमवार, रात्री ११:३१

टॅब फारच नाजूक आहेत. साधा हिशोब: वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. २ मिमीचे ४ केलेत तर आठपट. १२ लांबीची ६ केलीत तर आणखी आठपट. दोन्ही केलंत तर चौसष्टपट! रुंदी मात्र नुसती पटीत चालते, दुप्पट रुंदीला दुप्पट कडकपणा. लोक रुंदी वाढवत बसतात आणि जाडीला हात लावत नाहीत, कारण कापायला जीवावर येतं.

गाळानंबर१७ · सोमवार, रात्री ११:४४

@कटरतुटला, जाडी पटली. पण लांबी ६ कशी करू? जॉब आणि चौकट यांच्यामधून १० मिमीचा कटर फिरवतो, म्हणून तर १२ ची फट आहे.

कटरतुटला · सोमवार, रात्री ११:५९

सगळ्या लांबीत सारखा कशाला ठेवता? चौकटीच्या बाजूला चांगला ८ मिमी जाडीचा पाचर, आणि जॉबला चिकटतो तिथे शेवटचे ३ मिमी फक्त बारीक मान. बाजूने बघितलं तर पेन्सिलीच्या टोकासारखा आकार. लवचीक भाग तेवढाच उरतो आणि कापायलाही तेवढंच. मानेपाशी ६ चा कटर लावा.

आणि हे टॅब मॉडेलमध्येच काढा. फ्यूजन सॉफ्टवेअरमध्ये टूडी कंटूरला तयार टॅबचा पर्याय आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. तो पत्र्याच्या कामाला ठीक. पाच अक्षांत टूल चहूबाजूंनी येतं, त्याला टॅब हा जॉबचाच भाग म्हणून दिसला पाहिजे.

दंतकथा · मंगळवार, सकाळी ७:२०

वाचून गंमत वाटली, कारण आम्ही दिवसभर हेच करतो. दादरला डेंटल लॅबमध्ये आहे मी. झिर्कोनियाची ९८ मिमी व्यासाची चकती पाच अक्षांच्या छोट्या मशीनवर चढते आणि तिच्यातून वीस-पंचवीस दात कोरून निघतात. प्रत्येक दात दोन-तीन काड्यांवर लटकलेला. आम्ही त्यांना कनेक्टर म्हणतो. मग हातातल्या छोट्या मशीनने काडी कापायची, घासायची आणि दात भट्टीत.

तुमच्या कामाचं एवढंच सांगते, आम्ही काडीच्या जाडीवर जेवढा विचार करतो त्याहून जास्त तिच्या जागेवर करतो. दात जिथे हिरडीला भिडतो त्या कडेवर काडी कधीच नाही. चावायच्या पृष्ठावरही टाळतो. दाताचा जो सगळ्यात फुगीर भाग, तिथे. तिथे घासताना हात घसरला तरी डॉक्टर शिव्या देत नाहीत.

चौथीसीट · मंगळवार, सकाळी ७:४१

भट्टीत दात आकसत नाही का?

दंतकथा · मंगळवार, सकाळी ७:५५

आकसतो ना, चांगला वीस-पंचवीस टक्के. म्हणून आधीच तेवढा मोठा कोरायचा. प्रत्येक चकतीवर तिचा आकडा छापलेला असतो, तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. एकदा एका मुलाने आदल्या चकतीचा आकडा तसाच ठेवला. सहा दात, सहाही बसेनात. लांब ब्रिज (सलग जोडलेले दात) असला की मधे आधाराचा खांब ठेवून तसाच भट्टीत घालतो आणि नंतर कापतो, नाहीतर कमान वाकते. तुमच्या चंद्रकोरीसारखीच.

सॉफ्टजॉ · मंगळवार, सकाळी ९:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. टॅब म्हणजे फिक्स्चर (जॉब धरायचा साचा) करायचा कंटाळा. ब्लॉकच्या बुडाला डोव्हटेल (पकडीत अडकणारी तिरकी खाच) पाडा, ३ मिमी मटेरियल त्यात गेलं तर गेलं. एका सेटिंगमध्ये पाच बाजू पूर्ण. मग उलटवून सॉफ्ट जॉमध्ये (जॉबच्या आकाराचे कोरलेले मऊ जबडे) धरा आणि बुड उडवा. घासाघीस नाही, टॅबच्या खुणा नाहीत. नग हजार असोत की चाळीस, पद्धत ही.

कटरतुटला · मंगळवार, सकाळी ९:४०

@सॉफ्टजॉ, चंद्रकोरीला सॉफ्ट जॉ करा आधी. दोन्ही बाजूंनी वक्र, भिंत ४ मिमीची. जॉ कोरायला अर्धा दिवस, मग प्रत्येक नग उलटवून शून्य लावणं, आणि आवळल्यावर तो पुन्हा वाकणार. चाळीस नगांना हे परवडतं का? टॅबचा फायदाच हा की दुसरं सेटिंग मशीनवरून उठून बेंचवर जातं. त्या वेळात मशीन पुढचा नग कापतंय.

सॉफ्टजॉ · मंगळवार, सकाळी ९:५२

आणि बेंचवर कोण बसतं? फुकट बसतं का?

सदूकाका_फिटर · मंगळवार, दुपारी १:३०

बेंचवर मी बसतो, म्हणून लिहितो. वय ६७. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या एका टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढली. आता तिथे मॉल आहे. सून नेते तिथे कधीकधी, जिथे आमची सरफेस प्लेट (मोजमापाचं सपाट टेबल) होती अंदाजे तिथे आइस्क्रीम मिळतं. आता भाच्याच्या गाळ्यात जाऊन बसतो, हात चालू राहतात.

तुम्ही पोरं टॅब कुठे ठेवता ते पडद्यावर बघून ठरवता. पडद्यावर कानस नसते. परवा एक जॉब आला, टॅब आतल्या कोपऱ्यात. तिथे सपाट कानस जाईना, गोल लावली तर बाजूच्या भिंतीला ओरखडा. नग चांगला, मशीनिंग आरशासारखं, आणि खराब कुठे झाला? माझ्या हातात. म्हणजे नाव माझंच वाईट.

म्हणून: टॅब बाहेरच्या फुगीर बाजूला, जिथे कानस लांब मारता येते. आत वळलेल्या बाजूला नाही. दंतकथाताईंनी तेच सांगितलं, दाताचं काय आणि ॲल्युमिनियमचं काय. दुसरं, करवतीने अगदी जॉबला लागून कापू नका. अर्धा मिमी ठेवा, मग कानस. ॲल्युमिनियम कानसीच्या दातांत भरतं आणि तोच भरलेला कण पुढच्या घासात ओरखडे काढतो. कानशीला खडू लावा, दर चार घासांनी तारेच्या ब्रशने साफ करा. तिसरं, जॉब पुढे ॲनोडायझिंगला जाणार असेल तर आधीच विचारून घ्या. लोकांना वाटतं रंग चढला की खुणा झाकतील. झाकत नाहीत, उठून दिसतात. बारीक बीड ब्लास्टिंग (बारीक मण्यांचा मारा) करून मग पाठवलं तर सगळं एकसारखं दिसतं.

आणि टॅब टॅब काय लावलंय, देठ म्हणा. आम्ही देठच म्हणायचो.

अर्धवटबर · मंगळवार, दुपारी १:४६

काकांचा प्रतिसाद फ्रेम करून गाळ्यात लावण्यासारखा. देठ या शब्दाला +१.

चौथीसीट · मंगळवार, दुपारी १:५०

देठ की नाळ? कापल्यावर जॉब रडत असेल तर नाळ.

अर्धवटबर · मंगळवार, दुपारी १:५३

जॉब नाही रडत, मालक रडतो.

रात्रपाळी · मंगळवार, रात्री २:१०

देठावरून आठवलं. महाप्याच्या एका गाळ्यात होतो तेव्हाची गोष्ट. मालकाला घासायचे पैसे वाचवायचे होते. म्हणाला, टॅबही मशीनवरच कापा. तीन व्यवस्थित कापले. चौथा निम्मा कापला गेला तसा जॉब फिरला, कटर आणि चौकटीच्या मधे अडकला, कटर तुटला आणि जॉब दाराच्या काचेवर. काच आतून पूर्ण तडकली, बाहेर आली नाही म्हणून मी हे टाइप करतोय.

शेवटचा देठ मशीनवर पूर्ण कापू नका. फारच हौस असेल तर सगळे देठ ०.४ पर्यंत बारीक करा, मशीन थांबवा, दार उघडा आणि हाताने मोडा. प्रोग्राममध्ये तिथे एम०० (मशीन थांबतंच), एम०१ (बटण चालू असेल तरच थांबतं) नव्हे. एम०१ चं बटण कोणीतरी बंद केलेलं असतंच.

गाळानंबर१७ · बुधवार, सकाळी ८:०५

बाप रे. मी कधी मशीनवर कापले नाहीत आणि आता कापणारही नाही. काका, टॅब आतल्या बाजूलाच होते माझे दोन. हलवतो.

पण माझ्या दुसऱ्या दुखण्याबद्दल कोणी बोललंच नाही. ९६.०७ चं काय?

मायक्रॉनमामा · बुधवार, सकाळी १०:२२

गरम मोजलात का? ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. ९६ मिमीला दहा अंशांचा फरक असेल तर २२ मायक्रॉन तिथेच गेले. वसईचा पत्र्याचा गाळा, दुपारची वेळ. मी काही म्हणत नाही.

गाळानंबर१७ · बुधवार, सकाळी १०:४०

सकाळी मोजतो, कूलंट चालू असतो, आणि जॉब रात्रभर पडून राहिला तरी ०.०७ तसाच.

सॉफ्टजॉ · बुधवार, सकाळी ११:०३

मटेरियलमधला ताण आहे हा. टी६ म्हणजे पाण्यात विझवलेलं, बाहेरचा थर आधी थंड होतो, आतला नंतर, आणि ती ओढाताण तशीच आत बसून राहते. मधलं मटेरियल काढलंत की समतोल बिघडतो आणि जॉब आपल्या मनासारखा वाकतो. टी६५१ घ्या. विझवल्यावर थोडी ताणून घेतलेली प्लेट असते, ताण बराच निघून गेलेला असतो. मुंबईच्या धातूबाजारात, किका स्ट्रीटला मिळते, पण सर्टिफिकेट मागा. नुसतं ६०६१ म्हणालात तर काय हातात पडेल ते पडेल. आणि रफिंग (पहिली जाड कापणी) सगळीकडे करून अर्धा मिमी ठेवा, मग फिनिश. एका बाजूने पूर्ण, मग दुसऱ्या बाजूने पूर्ण, असं नको.

अर्धवटबर · बुधवार, सकाळी ११:२०

अवांतर: किका स्ट्रीटला गेलात तर गाडी नेऊ नका. मशीद बंदरला उतरा, जाताना नागदेवीच्या हत्यारबाजारात कटरचे भाव विचारा, येताना पुन्हा विचारा. मधल्या वेळात कमी झालेले असतात.

चौथीसीट · बुधवार, सकाळी ११:२४

वाढलेले पण असतात.

वाचनमात्र · बुधवार, रात्री ९:३७

पहिलाच प्रतिसाद देतोय. तीन दिवस वाचतोय आणि एक गोष्ट खटकते आहे. तुम्ही ब्लॉक लांबीच्या दोन टोकांना धरता. बोअरची रेषाही लांबीतच आहे. मधे खिडकी पाडल्यावर वाइस दाबतंय कशाला? पोकळ चौकटीला. चौकट दाबली की दोन्ही टोकांचे टॅब जॉबची टोकं जवळ ढकलतात. तुम्ही दबलेल्या अवस्थेत ९६.०० चं बोअर मारता. सोडलं की ते उघडणारच. फरक नेहमी अधिक बाजूलाच येतो ना? नुसता मटेरियलच्या ताणाचा असता तर बहुधा कधी अधिक, कधी उणे आला असता.

वाइस किती आवळता?

गाळानंबर१७ · बुधवार, रात्री ९:५८

...वाइसच्या दांड्याला पाइप लावून.

आणि हो, नेहमी अधिकच येतो. जेव्हा ०.०७ येत नाही तेव्हा बहुतेक दुसऱ्या पाळीचा मुलगा असतो, तो पाइप लावत नाही.

चौथीसीट · बुधवार, रात्री १०:०१

धागा इथेच बंद करा. त्या मुलाला पगारवाढ द्या.

कटरतुटला · बुधवार, रात्री १०:१५

मान्य, मी पहिल्या दिवसापासून जाडीवर बसलो आणि हे बघितलंच नाही. उलट टॅब जाड केले असते तर चौकटीचा दाब जॉबपर्यंत आणखी नीट पोचला असता. @वाचनमात्र, तुम्ही वाचनमात्र राहू नका.

तपासायचं असेल तर सोपं आहे. बोअर झाल्यावर टॅब न कापता प्रोबने अंतर घ्या. मग वाइस सैल करा, नुसता हाताने लागेल इतका, आणि पुन्हा घ्या.

गाळानंबर१७ · शुक्रवार, दुपारी ३:४०

आज सुट्टी होती म्हणून निवांत करून बघितलं. तीन ब्लॉक. पाइप लावून आवळलेला: ९६.००. तसाच सैल केला: ९६.०५. टॅब कापल्यावर: ९६.०७. तिन्हींत फरक एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा. म्हणजे मिमीचे पाच शतांश वाइसचे आणि उरलेले दोन तुमच्या त्या विझवलेल्या ताणाचे, सॉफ्टजॉ साहेब. दोघंही बरोबर.

सॉफ्टजॉ · शुक्रवार, दुपारी ४:०२

माझे दोन आणि त्यांचे पाच. चालेल. पण आता दोन टोकांना धरणं सोडा. वाइस सैल ठेवलंत तर रफिंगमध्ये ब्लॉकच निघेल.

वाचनमात्र · शुक्रवार, दुपारी ४:३०

ब्लॉकच्या पाठीच्या लांब कडेला खालून एम८ चे तीन आटे पाडा आणि राइझर प्लेटवर (खालच्या उंच पाटावर) बोल्टने ओढा. बोल्टचा दाब खाली जातो, लांबीत काही दाबत नाही. मग चौकट नकोच. चंद्रकोरीच्या पाठीला, म्हणजे फुगीर बाजूला, तीन देठ फक्त. दोन्ही टोकं मोकळी. झाडाला फळ लागतं तसं, एका बाजूनेच. जॉबला कुठे जायचं असेल तर जाऊ दे, ते मशीनवर असतानाच कळेल.

सदूकाका_फिटर · शुक्रवार, सायंकाळी ६:१०

टोकं मोकळी ठेवलीत तर चॅटर तिकडे सरकेल, आधी मधे होता. म्हणून क्रम बदला. रफिंग सगळीकडे एकदम उरकू नका, टोकांच्या मागचं मटेरियल भरलेलं असू द्या. बोअर आणि टोकांचं फिनिश तेव्हाच करून घ्या, पण बोअरला मिमीचे दोन-तीन दशांश राखून. मग मटेरियल खाली खाली काढत देठाकडे या. लांबचं आधी, देठाजवळचं शेवटी. शेवटी हलक्या हाताने बोअरिंग बारचा एक घास, तेवढा जोर टोक सहन करतं. पेरू खाताना आपण उलटं करतो, देठ आधी काढतो. इथे नाही.

दंतकथा · शुक्रवार, सायंकाळी ६:४०

काका, पेरूचं देठ मी कधीच काढत नाही, धरायला लागतं.

सदूकाका_फिटर · शुक्रवार, सायंकाळी ६:५२

म्हणजे तुम्हाला हे काम आधीच येतं.

मायक्रॉनमामा · शनिवार, सकाळी ९:३०

काकांच्या क्रमाला एक पुरवणी. शेवटच्या घासाआधी बोल्ट सोडून पुन्हा हलके आवळा आणि प्रोबने जॉबचं शून्य नव्याने घ्या. जो काही ताण सुटायचा तो सुटून जातो आणि बोअर त्यानंतरच्या जागेवर बसतं. ट्रनियनचं फिरण्याचं केंद्रही एकदा तपासून घ्या. सेकंडहँड मशीनमध्ये ते कंट्रोलरमध्ये लिहिलेल्या जागी असेलच असं नाही, आणि दोन बोअर दोन वेगळ्या कोनांतून मारत असाल तर ती चूक थेट अंतरात दिसते.

गाळानंबर१७ · (सोळा दिवसांनी) सोमवार, रात्री ११:१५

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

टी६५१ ची प्लेट आणली. भाव ऐकून परत फिरणार होतो, पण सर्टिफिकेट बघितल्यावर घेतली. खालून तीन बोल्ट, पाठीला तीन देठ, मुळाशी ८ आणि मानेपाशी ३ मिमी जाड, मान ३ मिमी लांब. क्रम काकांचा. ट्रनियनचं केंद्र तपासलं तर ०.०१५ ने सरकलेलं निघालं, ते वेगळंच. विकणाऱ्याला फोन केला, तो म्हणाला दुरुस्त करून दिलं होतं. असो.

कापल्यानंतर अंतर ९६.०० ते ९६.०२ मधे. चॅटर मधे अजिबात नाही, एका टोकाला अगदी किंचित होता, स्पिंडलचे फेरे कमी केल्यावर गेला. इतके दिवस मी चॅटर आला की फीड कमी करायचो, फेऱ्यांना हात लावत नव्हतो. एक नग बाद, तो माझ्या हाताने. करवत मारताना टोक बेंचच्या वाइसमध्ये धरलं होतं. वाइसने शेवटपर्यंत पाठ सोडली नाही.

दुसऱ्या पाळीच्या मुलाला पगारवाढ दिली. पाइप भंगारात दिला.

चौथीसीट · सोमवार, रात्री ११:२२

पाइपचे किती आले?

गाळानंबर१७ · सोमवार, रात्री ११:२५

एका वडापावाचे.

सदूकाका_फिटर · मंगळवार, सकाळी ६:४८

शाबास. फोटो टाका. मशीनिंगचा नको, घासलेल्या बाजूचा.

गाळानंबर१७ · मंगळवार, सकाळी ८:३०

टाकतो काका. अजून अकरा नग घासायचे आहेत आणि खडू संपलाय.